दुसरा के

माझं आणि फूटपट्टींचं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. मी छापखान्यात शिरले तीच पोस्टर हातात फडकवत. त्या काळी आमच्या नाटकमंडळींना इंग्रजी अक्षरांतल्या पोस्टरची हौस फार. वर नायकाचं नाव तीन बोटं उंचीच्या जाडजूड अक्षरांत आणि खाली माझं, मुंगी पाय पुसून गेल्यासारखं. नायिका मी, तिकिटं खपतात माझ्यामुळे आणि मला शोधायला दुर्बीण हवी!

"हे कुणी केलं?" मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

खिळ्यांच्या पेटीपाशी एक उंच, हडकुळा जुळारी उभा होता. शिशाचे बारीक खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, हे त्याचं काम. तेच फूटपट्टी. मान वर न करता तो म्हणाला, "मी केलं. आवाज कमी करा बाई, हातातली ओळ सांडेल."

"नायकानं सांगितलं ना तुम्हाला? किती चहा पाजले त्यानं?"

त्यांनी ओळ जपून खाली ठेवली, हात पुसले आणि भिंतीजवळची एक मोठी पेटी बाहेर ओढली. लाकडी अक्षरांची. एका खणात बोट घातलं. "हा केचा खण. किती दिसतात?"

"एक."

"तुमच्या नावात के दोन. दुसरा तुमच्या पर्समध्ये असेल तर काढा, आत्ता लावतो."

"मग एक मोठा आणि एक लहान लावायचा होता!"

"तुम्ही लंगडत आलेल्या दिसला असतात."

मी हसले. रागात असताना मला हसवणारी माणसं मी आयुष्यभर धरून ठेवली आहेत. हे त्यातले पहिले.

ती लाकडी अक्षरं छापखान्याच्या थोरल्या मालकांनी बंद पडलेल्या दुसऱ्या एका छापखान्याकडून घेतली होती. ई चार, ए चार, एस तीन, झेडसुद्धा दोन. क्यू एकच होता, पण त्याला एका शब्दात दोनदा कोण बोलावतं? के दोन होते. पहिल्याच वर्षी पेटी सरकवताना एक खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. फूटपट्टींनी त्याच दिवशी कार्यालयात मागणीची चिठ्ठी दिली. छापखान्याची रीतच तशी होती. काही लागलं तर चिठ्ठी लिहायची, कार्यालयाने शिक्का मारून तिची पोच द्यायची आणि वस्तू येईपर्यंत दर वर्षाच्या पहिल्या तारखेला तीच मागणी नव्याने करायची. थोरल्या मालकांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "एका केवाचून काय अडलंय?"

काहीच अडलं नव्हतं. कारण फूटपट्टी काही अडू देत नव्हते. माझा खरा राग आहे तो इथे.

फूटपट्टी हे नाव त्यांना छापखान्यातल्या लोकांनी दिलेलं. त्यांना कुणी काहीही बोललं की आधी ते त्यातला इंग्रजी शब्द मोजत. "टेबल सरकवा जरा." "पाच अक्षरी. ई शेवटी." मग टेबल सरकवत. आमच्या नेपथ्यवाल्याने एकदा त्यांना रागाने 'स्टुपिड' म्हटलं, तर हे शांतपणे, "सहा. सगळी वेगवेगळी. चांगला शब्द आहे, ठेवतो."

ठेवतो म्हणजे वहीत ठेवतो. त्या छापखान्यातून मालकांचंच एक वर्तमानपत्र निघे आणि त्याच्या साप्ताहिक पुरवणीत इंग्रजी शब्दाचं कोडं असे. शब्दाला अक्षरं किती, त्यात कोणती दोन हवीत आणि कोणतं नको, एवढंच छापायचं. वाचकांनी कार्डावर उत्तर पाठवायचं. पुढच्या आठवड्यात उत्तराचा तो एकच शब्द लाकडी अक्षरांत, पानभर रुंद, दिमाखात छापायचा. नायकाच्या प्रवेशासारखा. कोडं सुरू केलं संपादकांनी, पण तीन आठवड्यांत त्यांचे शब्द संपले. मग ते जुळाऱ्याला म्हणाले, "तूच बघ काहीतरी."

यांनी तीस वर्षं बघितलं.

सतरा वह्या झाल्या. जाड पुठ्ठ्याच्या, शिवलेल्या. तीन अक्षरींची एक, चार अक्षरींच्या दोन, पाच अक्षरींच्या चार, अशा नऊ अक्षरींपर्यंत. प्रत्येक वहीत अक्षरवार पानं. आर आणि टी असलेले इथे, त्यातले ई नसलेले तिथे. शब्दकोशात शब्द सापडतो तो पहिल्या अक्षरावरून. फूटपट्टींच्या वहीत तो पोटातून सापडायचा. आणि नियम एकच, पेटीत जो जुळतो तोच शब्द वहीत. दोन के लागणारा शब्द कितीही सुंदर असो, आत यायचा नाही.

या सतराही वह्या लिहिल्या वहिनींनी. म्हणजे त्यांच्या पत्नीने. हे दिवसभर छापखान्याच्या शाईचे डाग पडलेल्या चिठोऱ्यांवर शब्द खरडून आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की वहिनी ती चिठोरी ओळीने मांडून वहीत उतरवायच्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्दही येत नव्हता. "मला काय ताई, ही सगळी चित्रं," म्हणायच्या. "हा बघा, हा पोटावर हात ठेवून उभा. हा वाकून बूट घालतोय." पण काय अक्षर! मी नाटकाच्या संहितेच्या नकला उतरवणारे भले भले पाहिले, असं ताठ, स्वच्छ अक्षर पाहिलं नाही. आणि संध्याकाळी हे शेजारी बसून तपासायचे.

"अहो, या शब्दाचा अर्थ काय?"

"काळजी."

"बघू. हं. दिसतोय तसाच."

यंत्रं बदलली, खिळे गेले, पडद्यावर अक्षरं आली, तेव्हा छापखान्यातून सगळ्यात शेवटी बाहेर पडले फूटपट्टी. तोवर थोरले मालक जाऊन धाकटे मालक आले होते. निरोपाच्या दिवशी धाकट्या मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, त्या वह्या आम्हाला द्या. दर्शनी दालनात काचेचं कपाट करतोय. खाली तुमचं आणि काकूंचं नाव लिहू." वहिनींनी नवी साडी नेसून वह्या स्वतः पुसून दिल्या. एकेक. सतरा.

कपाट झालं. मी पाहिलंय. त्यात थोरल्या मालकांचा चष्मा आहे, त्यांचं पेन आहे आणि त्यांना मिळालेली ढाल आहे.

दोन वर्षांनी वहिनी गेल्या. त्यांच्यामागे घरात त्यांच्या हाताचं काय उरलं, तर दळणाच्या डब्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी आणि लेकीच्या शाळेच्या अर्जावरची सही. फूटपट्टी वह्या मागायला गेले. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी बाकावर बसवलं. सहाव्या वेळी एका कारकुनाने सांगितलं, "काका, साफसफाईत भंगारात गेल्या त्या."

मला हे सांगायला आले तेव्हा त्यांच्या हातात छत्री होती आणि ती ते उघडत होते, मिटत होते, उघडत होते. शब्द मोजला नाही एकही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी त्याच वर्तमानपत्राने फोनवर एक खेळ काढला. लपलेला इंग्रजी शब्द ओळखायचा. अक्षरं किती ते सांगणार, एखाददुसरं अक्षर दाखवणार आणि बाकी तुम्ही शोधायचं. गावभर त्याचं वेड. फूटपट्टींच्या लेकीने माझ्या फोनवर तो घालून दिला. "मावशी, खेळा. बाबांसमोर मात्र नाव काढू नका, जेवत नाहीत ते मग."

मी खेळले. आणि एका सकाळी पाच अक्षरींत माझ्यापुढे शेवटचं अक्षर आलं, के. मला काय सुचणार? चाळीस वर्षं मी प्लायवूडच्या दारांवर टकटक करून रंगमंचावर शिरले. मी लिहिलं 'नॉक'.

फोन म्हणाला, असा शब्द नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा लिहिलं. के, एन, ओ, सी, के. असा शब्द नाही.

माझा संताप झाला. अरे, काल मिसरूड फुटलेल्या यंत्रा, तू मला सांगतोस! मी 'खाकी' लिहिलं. नाही. 'किऑस्क'. नाही. 'कयाक'. नाही. मग 'ब्लॅक' लिहिलं, चाललं. 'क्लॉक' चाललं. 'नाइफ' चाललं. आणि मला एकदम ती पेटी दिसली, तो खण, त्यातलं ते बोट. "किती दिसतात?" "एक."

ज्या बाईचं नाव त्या एका केपायी वर्षानुवर्षं पोस्टरच्या तळाशी बारीक छापलं गेलं, तिला हे कळायला कशाला पंडित लागतो? वह्या भंगारात गेल्याच नव्हत्या. वह्या या फोनमध्ये होत्या.

लेकीला घेऊन मी तडक धाकट्या मालकांच्या खोलीत गेले. गार खोली, काचेचं टेबल, त्यावर एकही कागद नाही. वर्तमानपत्राच्या मालकाच्या टेबलावर कागद नाही!

"मॅडम, आमचा शब्दसंग्रह परदेशी कंपनीकडून घेतलेला आहे," ते म्हणाले.

"वह्या परत द्या. आम्हाला दुसरं काही नको," लेक म्हणाली.

"वह्या नाहीतच, तर देणार कुठून? काकांना कुणीतरी समजवा." मग आवाज खाली आणून, सहानुभूतीने, "या वयात होतं असं. माणूस एकच गोष्ट धरून बसतो."

लेकीने माझा हात दाबला, म्हणून तिथला पाण्याचा ग्लास वाचला.

निघताना तेच म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. वर्तमानपत्राला पन्नास वर्षं होताहेत. रविवारी सकाळी कार्यक्रम आहे, जुन्या माणसांनाही बोलावलंय. तुम्ही दोन शब्द बोला ना. लोकांना आवडतं जुनं."

"बोलते की," मी म्हटलं. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

रविवारी अकरा वाजता सभागृह भरलेलं. आठशे खुर्च्या, मी मोजल्याच. सवय जात नाही. फूटपट्टी मागच्या रांगेत लेकीशेजारी, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. ही माझी चूक. नट मंडळींचा हा रोगच आहे, टाळी मिळणार म्हटली की कुणाला विचारायचं राहून जातं.

मी माईकपाशी गेले, हसले आणि म्हटलं, "सगळ्यांनी फोन काढा. आपल्या वर्तमानपत्राचा खेळ उघडा. पाच अक्षरी."

धाकटे मालक खूश. पुढच्या रांगेत मान डोलावताहेत.

मी लाकडी टेबलावर तीनदा टकटक केलं. "याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"नॉक!" अख्खं सभागृह.

"लिहा."

मग जी शांतता पडली ना, तशी मला माझ्या सगळ्यात गाजलेल्या नाटकातसुद्धा मिळाली नव्हती. मग कुजबुज. "नाही म्हणतंय." "माझ्याकडे पण नाही." "अरे, तुझं चुकलं असेल, दाखव."

"खाकी लिहा. किऑस्क लिहा. लिहा, लिहा, लाजू नका. आता ब्लॅक लिहा. चाललं? म्हणजे एक के चालतो, दोन चालत नाहीत. मालक म्हणतात शब्द परदेशी कंपनीचे आहेत. त्या देशात के संपले होते का हो?"

हशा झाला. धाकटे मालक हसले नाहीत. मग मी सांगितलं सगळं. लाकडी पेटी, पाय मोडलेला के, एकतीस चिठ्ठ्या, सतरा वह्या, दुपारी चित्रं समजून अक्षरं काढणारी एक बाई आणि भंगार. माझा आवाज कुठेही कापला नाही. शेवटी मी हात लांब करून मागच्या रांगेकडे दाखवलं, "आणि तो माणूस तिथे बसला आहे!"

आठशे माना वळल्या. खुर्ची रिकामी होती. फूटपट्टी दाराबाहेर पडताना मला फक्त त्यांची पाठ दिसली. मला वाटलं, गहिवरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्तमानपत्राची गाडी त्यांच्या दारात आली. चालकाने दोन खोकी उतरवली, सही घेतली आणि गेला. पत्र नाही, माफी नाही. लेकीने मला फोन केला, मी रिक्षा करून पोचले. सतरापैकी पंधरा वह्या होत्या. दोनचं काय झालं ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. आणि पंधरांपैकी एकही वही उरली नव्हती! शिवण कापून पानं सुटी केली होती, यंत्रात भराभर सरकवायला. वर दोरी बांधली होती, जुन्या रद्दीला बांधतात तशी. वहिनींच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने आकडा घातला होता. मी तिथेच धाकट्या मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला.

"बाई," फूटपट्टी म्हणाले. "तुम्ही बोलू नका."

मी थांबले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्या डोळ्यांत गहिवर वगैरे काही नव्हतं.

"तीस वर्षं मी ते भोक झाकलं. एका वाचकाला कळलं नाही. एकालाही नाही! दर आठवड्याला शब्द असा निवडायचो की पेटीत काही कमी आहे याचा वास लागू नये. आणि तुम्ही आठशे माणसांपुढे त्यात बोट घातलंत. काल सभागृहातून उतरताना एकजण माझ्या लेकीला म्हणाला, 'तुझ्या वडलांना नॉक येत नव्हतं होय?' नॉक! मला!"

"अहो, मी तुमच्या बाजूने..."

"माझ्या बाजूने बोलायचं तर मला विचारायचं होतं. तुम्हाला टाळी हवी होती."

काय सांगू, आयुष्यात इतक्या टीका वाचल्या, एवढी खरी एकही नव्हती. मी खाली बसले आणि गुपचूप पानं लावू लागले. लेकही लावू लागली.

मग लेक म्हणाली, "बाबा, हे काय?"

पाच अक्षरी, केचं पान. वहिनींच्या हातचे शब्द एकाखाली एक, प्रत्येकापुढे क्रमांक. पण शेवटच्या पाच ओळींत नुसतेच क्रमांक होते. शब्द नव्हते. तिने चार अक्षरींचं पान काढलं, तिथेही तळाला दोन क्रमांक रिकामे. सहा अक्षरींतही.

फूटपट्टींनी पान हातात घेतलं. "दर वर्षी चिठ्ठी दिली की संध्याकाळी विचारायची, 'के आला का हो?' मी म्हणायचो, येईल. तर जागा सोडून ठेवायची. वही भरली, नवी केली, तरी त्यात पुन्हा जागा सोडायची. दोन के वाले शब्द किती, हे विचारून घेतलं होतं तिने."

"मग आता लिहा ना बाबा," लेक म्हणाली. "नॉक लिहा, खाकी लिहा. लोकांना दाखवू, तुम्हाला येत होते म्हणून."

"कशाने लिहू? के आलाय?"

त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पेटीत नाही तो शब्द वहीत नाही! तिला तेच सांगितलं होतं मी. जागा तिने मालकाच्या भरवशावर सोडली. एक लाकडाचा तुकडा! एक! तो आणला नाही यांनी. वर तिची वही फाडली आणि वर मलाच म्हातारचळ लागलाय म्हणतात!"

ते उठले. कपाटातून एक जुना डबा काढला. त्यात एकतीस पोचपावत्या होत्या, प्रत्येकीवर कार्यालयाचा जांभळा शिक्का. डब्याच्या तळाशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा अर्धा गठ्ठा उरला होता. त्यातली एक घेऊन त्यांनी टेबलावर बसून लिहिली, दोन प्रतींत, जुळाऱ्याच्या अक्षरात. मोठा लाकडी के, नग एक. कारण, पूर्वीचा मोडला. खाली सही.

"मी येऊ?" मी विचारलं.

"या. पण बोलायचं नाही."

कार्यालयाच्या खिडकीतल्या मुलीने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "आजोबा, हे खातं आता नाही."

"शिक्का आहे ना? मग मारा."

तिने आत फोन केला. पाच मिनिटांनी धाकटे मालक स्वतः खाली आले. रविवारपासून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आखडलं होतं, पण होतं. "काका, कशाला त्रास घेतलात? ते शब्द कालच रात्री खेळात टाकले आम्ही. नॉक, खाकी, सगळे. बघा हवं तर."

"शब्द नकोत," फूटपट्टी म्हणाले. "के हवा."

"पण काका, त्या केचं आता तुम्ही करणार काय?"

मला उत्तर येत होतं. माझ्या जिभेवर होतं, झकास, टाळीचं. मी दात आवळून धरले.

"काही शब्द लिहायचे राहिलेत," फूटपट्टी म्हणाले आणि चिठ्ठीची दुसरी प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "पोच द्या."

धाकट्या मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. रांगेत माणसं होती आणि त्यातल्या दोघांच्या हातात फोन होते. त्यांनी मुलीकडे मान हलवली. तिने ड्रॉवर धुंडाळून तो जुना शिक्का काढला. त्यावरची शाई वाळली होती. तिने तोंडाची वाफ दिली, मारला, उमटला नाही. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा फूटपट्टींनी तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः असा हाणला की खिडकीची काच थरथरली.

पोच त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवली. बत्तिसावी. पंधरा वह्यांची पानं लेक सध्या पुन्हा शिवते आहे. रिकाम्या ओळी रिकाम्याच आहेत. के अजून आलेला नाही, आणि वर्षाची पहिली तारीख आता सात आठवड्यांवर आली आहे.